विजेच्या बाजारात वेळेचे मोल : दक्षिण ऑस्ट्रेलियातील छपरावरील वीजनिर्मिती व बॅटरी-संचय

वीज ही विक्रेय वस्तू आहे. परंतु इतर विक्रेय वस्तूंच्या व्यापाराला लागू पडणारे नियम तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. धान्य कोठारात राहते, कापूस गाठी बांधून ठेवता येतो. सुगीत भाव उतरले म्हणजे व्यापारी माल साठवितो आणि टंचाईच्या दिवसांत तो बाहेर काढतो. या साठवणीमुळेच सुगीचा भाव व टंचाईचा भाव यांतील अंतर काही मर्यादेत राहते. विजेच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ अशी सोय नव्हती. धरणातील पाणी पुन्हा वर चढवून साठविण्याची थोडी केंद्रे वगळली, तर ज्या क्षणी वीज निर्माण व्हावयाची त्याच क्षणी ती खर्ची पडावयाची, हाच नियम होता. दुसरी गोष्ट अशी की, वीज नेहमी एकाच दिशेने वाहत असे : मोठ्या केंद्राकडून ग्राहकाच्या घराकडे. विजेचे दर, तिच्या हिशेबाच्या पद्धती आणि तिचे बाजार हे सर्व या दोन गृहीतकांवर उभारलेले आहेत.

गेल्या दोन दशकांत ही दोन्ही गृहीतके ढासळत आली आहेत. घराच्या छपरावरील सौर पॅनेलांमुळे ग्राहक हाच उत्पादक होऊ लागला आणि बॅटरीमुळे वीज काही तासांपुरती का होईना, साठविता येऊ लागली. या बदलाचा अर्थ पुष्कळदा ‘वीज स्वस्त होणार’ एवढाच लावला जातो. तो अपुरा आहे. वस्तुतः बदलले आहे ते विक्रेय वस्तूचे स्वरूपच. यापुढे बाजारात विकले जाते ते नुसते युनिट नव्हे, तर विशिष्ट वेळी व विशिष्ट स्थळी मिळणारे युनिट होय. ज्या दरपद्धती सर्व युनिटे सारखीच मानतात, त्या या नव्या परिस्थितीत केवळ गैरसोयीच्या ठरतात असे नाही. त्या खर्चाचा भार छप्पर असलेल्यांकडून छप्पर नसलेल्यांकडे सरकवितात. हे विधान तपासण्यास दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याचा अनुभव विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे हा बदल इतरांच्या आधी आणि अधिक वेगाने घडून आला.

1. बाजाराची घडण

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व व आग्नेय भागातील राज्यांचा सामाईक वीजबाजार डिसेंबर 1998 मध्ये सुरू झाला. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया ही राज्ये त्यात प्रारंभापासून होती. टास्मानिया 2005 साली आले. मोठ्या केंद्रांची वीज या बाजारातूनच विकावी लागते. प्रत्येक केंद्र किती वीज कोणत्या भावाने देण्यास तयार आहे याची बोली लावते. सर्वांत स्वस्त बोली प्रथम स्वीकारली जाते, नंतर त्याहून महाग, आणि मागणी पुरी होईपर्यंत हा क्रम चालतो. शेवटच्या स्वीकृत बोलीने ठरणारा भाव त्या प्रदेशातील सर्व विक्रेत्यांना मिळतो. ही क्रिया दर पाच मिनिटांनी होते.

या बाजारात केवळ प्रत्यक्ष विकलेल्या विजेचे पैसे मिळतात. केंद्र सज्ज ठेवल्याबद्दल निराळा मोबदला मिळत नाही. त्यामुळे वर्षातून थोडेच तास चालणाऱ्या केंद्राला आपला स्थिर परिव्यय त्या थोड्या तासांतच वसूल करावा लागतो. याकरिता भावाची कमाल मर्यादा फार वर ठेवली आहे. 2024-25 या वर्षी ती दर मेगावॅट-तासाला 17,500 ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे दर युनिटाला साडेसतरा डॉलर होती. उलटपक्षी, किमान मर्यादा शून्य नसून उणे 1,000 डॉलर आहे. म्हणजे वीज खपविण्यासाठी विक्रेत्याला उलट पैसे मोजावे लागण्याचा प्रसंगही येथे संभवतो. कोळशाच्या केंद्राची भट्टी काही तासांसाठी विझवून पुन्हा पेटविणे खर्चाचे असते. त्यापेक्षा थोडा तोटा सोसून ती चालू ठेवणे त्याला परवडते. ऋण भावाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी हे एक होय.

2. छपरावरील उत्पादक

दक्षिण ऑस्ट्रेलियाने जुलै 2008 मध्ये छपरावरील सौर विजेसाठी विशेष दर लागू केला. घरी वापरून उरलेली जी वीज जाळ्यात जाईल, तिच्या प्रत्येक युनिटामागे 44 सेंट मिळावयाचे होते. हा दर त्या काळच्या किरकोळ दराच्या सुमारे दुप्पट होता आणि त्याची हमी 2028 पर्यंत देण्यात आली. नव्या ग्राहकांसाठी ही सवलत 2011 साली बंद झाली. परंतु तोवर पॅनेलांच्या किमती वेगाने उतरू लागल्या होत्या आणि सवलतीवाचूनही प्रसार चालूच राहिला. आज या राज्यातील दर तीन घरांपैकी एकाहून अधिक घरांवर सौर पॅनेल आहेत.

या उत्पादकांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ते बाजारात बोली लावीत नाहीत. भाव चढा असो वा ऋण असो, ऊन पडले की त्यांची वीज निर्माण होते. बाजाराच्या दृष्टीने त्यांचा पुरवठा पुरवठा म्हणून दिसतच नाही. तो मागणीतील घट म्हणून दिसतो. परिणामी दुपारची मागणी खोल जाते आणि सूर्यास्ताच्या सुमारास, पंखे, शेगड्या व वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होत असताना, ती एकाएकी वर चढते. 31 डिसेंबर 2023 रोजी दुपारी मोठ्या केंद्रांकडून राज्याने घ्यावयाच्या विजेची मागणी उणे 26 मेगावॅट इतकी नोंदली गेली. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, घरे व दुकाने यांच्या छपरांवरच राज्याच्या गरजेहून अधिक वीज तयार होत होती आणि वरकड वीज शेजारच्या व्हिक्टोरियाकडे जात होती.

अशा परिस्थितीत संथपणे चालू-बंद होणाऱ्या केंद्रांना स्थान उरत नाही. राज्यातील शेवटचे कोळशाचे केंद्र, पोर्ट ऑगस्टा येथील ‘नॉर्दर्न’, 9 मे 2016 रोजी बंद झाले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, 28 सप्टेंबर 2016 रोजी, प्रचंड वादळाने पारेषणाचे मनोरे कोसळले आणि सबंध राज्य अंधारात बुडाले; सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली. या घटनेचा दोष कोणी पवनविजेवर तर कोणी कोळसा सोडण्याच्या घाईवर ठेवला. तपासाअंती असे दिसून आले की, वाहिन्यांतील लागोपाठच्या दोषांमुळे काही पवनकेंद्रांच्या संरक्षक यंत्रणेने आपले उत्पादन एकदम घटविले, व्हिक्टोरियाशी जोडणाऱ्या वाहिनीवर अतिरिक्त भार पडला आणि ती तुटली. म्हणजे दोष वाऱ्याचा नव्हता. यंत्रांच्या संरक्षक मर्यादा ज्या रीतीने ठरविल्या होत्या त्या रीतीचा तो होता. तथापि या घटनेने एक गोष्ट स्पष्ट झाली : जड फिरत्या जनित्रांच्या गतीमुळे जाळ्याला जे स्थैर्य आजवर आपोआप व फुकट मिळत होते, ते यापुढे निराळे विकत घ्यावे लागणार.

3. बॅटरी आणि तिची मिळकत

या पार्श्वभूमीवर जेम्सटाउनजवळील हॉर्न्सडेल येथे 100 मेगावॅट क्षमतेची व 129 मेगावॅट-तास संचयाची बॅटरी 1 डिसेंबर 2017 रोजी कार्यान्वित झाली. निओएन ही तिची मालक आणि टेस्ला ही तिची पुरवठादार कंपनी होय. त्या वेळी ही जगातील सर्वांत मोठी लिथियम बॅटरी होती. 2020 साली तिची क्षमता 150 मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आली. करारानुसार आरंभीच्या क्षमतेपैकी 70 मेगावॅट जाळ्याच्या स्थैर्यासाठी शासनाकडे राखीव होती आणि उरलेल्या 30 मेगावॅटचा व्यापार मालकाने करावयाचा होता. या विभागणीतच बॅटरीच्या मिळकतीची दोन साधने दिसून येतात.

पहिले साधन स्थैर्यसेवेचे. प्रत्यावर्ती विजेच्या जाळ्यात वारंवारता 50 हर्ट्‌झच्या आसपास राखावी लागते. एखादे मोठे केंद्र अकस्मात बंद पडले की ती घसरते आणि ती सावरण्यासाठी तत्काळ वीज ओतावी लागते. 14 डिसेंबर 2017 रोजी पहाटे व्हिक्टोरियातील लॉय यांग केंद्राचा 560 मेगावॅटचा संच बंद पडला, तेव्हा शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हॉर्न्सडेलच्या बॅटरीने सेकंदाच्या अंशात प्रतिसाद दिला. ओतलेली वीज अल्प होती. पण तिचा वेग लक्षणीय होता. या सेवेचा निराळा बाजार असतो. दक्षिण ऑस्ट्रेलिया शेजारी राज्यापासून तुटण्याचा धोका असे, तेव्हा ही सेवा स्थानिक केंद्रांकडूनच घ्यावी लागे; आणि असे विक्रेते मोजकेच असल्यामुळे भाव भडकत. नव्या विक्रेत्याच्या प्रवेशाने ही मक्तेदारी मोडली. 9 ऑक्टोबर 2023 पासून एका सेकंदात द्यावयाच्या प्रतिसादाचे स्वतंत्र बाजार सुरू झाले. केवळ वेगाचे मूल्य ठरविणारा बाजार निर्माण व्हावा, ही घटना बोलकी आहे.

दुसरे साधन जुन्या धान्यव्यापाऱ्याचेच : स्वस्तात घेणे व महाग विकणे. साठवून पुन्हा बाहेर काढताना सुमारे पंधरा टक्के वीज वाया जाते असे धरल्यास, 100 मेगावॅट-तास घेऊन 85 विकता येतात. दुपारी 20 डॉलरने घेतलेल्या विजेचा खर्च 2,000 डॉलर. संध्याकाळी 150 डॉलरने विकल्यास प्राप्ती 12,750 डॉलर. दुपारचा भाव ऋण असेल तर वीज भरून घेण्याचेही पैसे मिळतात. मात्र बॅटरीला शाश्वत नफा देणारी ही विहीर नव्हे. बॅटऱ्या वाढल्या की दुपारच्या खरेदीने दुपारचा भाव चढतो आणि संध्याकाळच्या विक्रीने संध्याकाळचा भाव उतरतो. ज्या अंतरावर व्यापार चालतो, ते अंतरच व्यापार बुजवितो. स्थैर्यसेवेच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. कारण तिची गरज ठराविक मर्यादेपलीकडे नसते व थोड्या बॅटऱ्यांनीही ती भागते. म्हणून पहिल्या बॅटरीच्या नफ्यावरून दहाव्या बॅटरीचा नफा अनुमानणे चुकीचे होय.

4. हिशेबाचा कालखंड

वेळेचे मोल बदलल्याने हिशेबाचे नियम कसे बदलावे लागतात, याचे उत्तम उदाहरण 1 ऑक्टोबर 2021 रोजी अमलात आलेल्या सुधारणेत मिळते. तोपर्यंत बोलीचा भाव दर पाच मिनिटांनी ठरे, परंतु पैसे मात्र अर्ध्या तासाच्या सरासरी भावाने दिले जात. समजा, अर्ध्या तासातील पहिल्या पाच मिनिटांत भाव 14,000 डॉलरवर गेला आणि उरलेल्या पाच खंडांत तो 50 डॉलर राहिला. सरासरी येते 2,375 डॉलर. पहिल्या पाच मिनिटांत टंचाई असताना जिने वीज दिली त्या बॅटरीलाही 2,375 मिळत, आणि टंचाई ओसरल्यावर सावकाश सुरू झालेल्या वायुकेंद्रालाही तेवढेच मिळत. किंबहुना भाव उसळला की उरलेल्या खंडांत मिळेल त्या भावाने वीज विकण्यास सर्वांची झुंबड उडे, कारण सरासरी आधीच चढलेली असे.

अर्ध्या तासाची ही रीत कोणाच्या पक्षपातासाठी ठरविलेली नव्हती. ती जुन्या मीटरांच्या व गणकयंत्रांच्या मर्यादेतून आलेली होती. परंतु बॅटरी आल्यावर तीच रीत वेगाला शिक्षा व संथपणाला बक्षीस देऊ लागली. हिशेबही पाच मिनिटांचा करण्याचा निर्णय 2017 साली झाला आणि तो अमलात येण्यास चार वर्षे लागली. बाजाराचा नियम हा तटस्थ आरसा नसून त्यामुळे कोणते यंत्र टिकावे व कोणते नाही हे ठरते, हा या प्रकरणाचा बोध होय.

5. तारांचा खर्च कोणी सोसावयाचा

आतापर्यंतचे विवेचन घाऊक बाजारापुरते झाले. अधिक बिकट प्रश्न किरकोळ दराचा आहे. ग्राहकाच्या बिलातील मोठा भाग विजेचा नसून तारा, खांब व रोहित्रे यांचा असतो. हा खर्च बहुतांशी स्थिर असतो. ग्राहकाने वीज कमी घेतली म्हणून खांब कमी होत नाहीत. तरीही तो बराचसा दर युनिटामागे वसूल केला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वस्तीत 1,000 घरे असून प्रत्येक घर वर्षाला 5,000 युनिटे घेते. तारांचा वार्षिक खर्च 10 लाख डॉलर आहे. दर युनिटामागे 20 सेंट आकारले की तो भरून निघतो आणि प्रत्येक घराचा वाटा 1,000 डॉलर येतो. आता 400 घरांनी सौर पॅनेल बसवून जाळ्यातून घ्यावयाची वीज 3,000 युनिटांवर आणली. एकूण विक्री 50 लाखांवरून 42 लाख युनिटांवर येते. खर्च मात्र तेवढाच राहतो; तो वसूल करण्यासाठी दर सुमारे 23.8 सेंट करावा लागतो. पॅनेल असलेल्या घराचा वाटा सुमारे 714 डॉलरपर्यंत उतरतो आणि पॅनेल नसलेल्या घराचा सुमारे 1,190 डॉलरपर्यंत चढतो. त्यांच्या विजेच्या वापरात तिळमात्र वाढ झालेली नाही. दर वाढला म्हणून आणखी काही घरे पॅनेल बसवितात, विक्री आणखी घटते व दर पुन्हा चढतो.

पॅनेल नसलेली घरे कोणाची असतात? भाडेकऱ्यांची, बहुमजली इमारतीत राहणाऱ्यांची, आणि एकरकमी भांडवल उभे करू न शकणाऱ्यांची. वर उल्लेखिलेल्या 44 सेंटांच्या हमीचा खर्चदेखील वितरण-आकारामार्फत सर्व ग्राहकांवर पसरला गेला, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. अर्थात पॅनेल असलेल्यांचा पक्षही निराधार नाही. त्यांनी आपला पैसा घालून दुपारचे घाऊक भाव उतरविले आणि त्याचा लाभ सर्वांना झाला. परंतु हा लाभ आणि तो भार एकाच मापात, एकाच माणसाला मिळत नाहीत. वादाचे मूळ येथे आहे.

6. योजिलेले उपाय

या राज्यातील उपायांची दिशा एकच दिसते : युनिटाला त्याची वेळ व स्थळ जोडून देणे. 1 जुलै 2020 पासून वितरण कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी असा आकार सुरू केला की, सकाळी 10 ते दुपारी 3 या वेळात तो साध्या दराच्या एकचतुर्थांश असावा व गर्दीच्या वेळी सव्वापट असावा. पाणी तापविण्यासारखी कामे दुपारकडे ओढून अतिरिक्त वीज शोषून घ्यावी, हा त्याचा हेतू. हा बॅटरीविना केलेला संचयच म्हणावयास हरकत नाही. तापलेले पाणी हीदेखील एक साठवण आहे.

दुसरा उपाय नियंत्रणाचा. 28 सप्टेंबर 2020 पासून बसणारे प्रत्येक नवे पॅनेल आणीबाणीत दुरून बंद करता येईल असे असावे, असा नियम झाला आणि 14 मार्च 2021 रोजी त्याचा प्रथम उपयोग करण्यात आला. जुलै 2023 पासून नव्या ग्राहकांपुढे दोन पर्याय ठेवले गेले : जाळ्यात सदैव दीड किलोवॅटपर्यंतच वीज सोडणे, अथवा जाळ्याच्या स्थितीनुसार क्षणोक्षणी बदलणारी, परंतु दहा किलोवॅटपर्यंत जाणारी मर्यादा पत्करणे. छपरावरील निर्मिती हा निरपवाद हक्क नसून जाळ्यातील जागा ही दुर्मिळ वस्तू आहे, ही जाणीव या व्यवस्थेत प्रकट होते.

तिसरा उपाय विखुरलेल्या लहान बॅटऱ्या एका सूत्रात गुंफण्याचा. फेब्रुवारी 2018 मध्ये राज्य शासनाने 50,000 घरांतील पॅनेल व बॅटऱ्या एकत्र चालवून त्यांचे जणू एकच वीजकेंद्र बनविण्याची योजना जाहीर केली. तिचा आरंभ सरकारी भाड्याच्या घरांपासून करण्यात आला; तेथील रहिवाशांना सामग्रीसाठी पैसे द्यावे लागले नाहीत. ज्यांना छप्पर आहे पण भांडवल नाही, अशांना लाभात सामील करून घेण्याचा हा मार्ग होता. 1 जुलै 2025 पासून केंद्र शासनाने घरगुती बॅटऱ्यांच्या किमतीवर सुमारे 30 टक्के सवलत सुरू केली. या सवलतीने संध्याकाळची ओढ कमी होईल हे खरे. परंतु ती स्वतःहून बॅटरी विकत घेऊ शकणाऱ्यांपर्यंतच प्रथम पोचते, ही 2008 सालच्या योजनेचीच उणीव तिच्यातही आहे.

7. महाराष्ट्राच्या दृष्टीने

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा अनुभव महाराष्ट्राला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. भारतात वीज-विनिमय केंद्रांचा व्यापार 2008 साली सुरू झाला असला, तरी बहुतेक वीज अद्याप दीर्घ मुदतीच्या करारांनीच घेतली जाते. बाजारभावाची चढउतार ग्राहकापर्यंत फारशी पोचत नाही. शिवाय येथे दरांची रचना निराळी आहे. उद्योग व व्यापारी ग्राहक परिव्ययापेक्षा अधिक दर देतात आणि त्या आधिक्यातून शेतीचा व अल्प वापराच्या घरांचा दर खाली ठेवला जातो. त्यामुळे छपरावरील निर्मितीने जो ग्राहक प्रथम दूर जाईल, तो नेमका इतरांचा भार वाहणाराच असेल. ऑस्ट्रेलियात तारांच्या खर्चापुरता असलेला प्रश्न येथे सबंध दररचनेचा होतो.

तथापि दोन गोष्टी आशादायक आहेत. केंद्र शासनाच्या 2023 च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीच्या दराहून किमान 20 टक्के कमी ठेवण्याचे तत्त्व घालून दिले. वेळेचे मोल दरात उतरविण्याचा हा आरंभ होय. दुसरी गोष्ट शेतीपंपांची. पंपांना रात्री वीज देण्याची जुनी रीत हा रात्रीच्या शिल्लक विजेचा उपयोग होता. 2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हीच मागणी दिवसाकडे आणू पाहते. पिकाला पाणी अमुक मिनिटाला मिळालेच पाहिजे असे नसते. म्हणून शेतीपंप ही महाराष्ट्राजवळ आधीच असलेली एक विशाल, बिनखर्चाची लवचीक मागणी आहे; दुपारची वीज तेथे वळविता आली, तर तेवढ्यापुरती बॅटरी लागणार नाही. शेतकऱ्याची रात्रीची पायपीट वाचेल हा लाभ वेगळाच.

8. समारोप

विकेंद्रित निर्मितीने विजेचा दुपारचा भाव पाडला; बॅटरीने दुपार व संध्याकाळ यांच्या दरम्यान कोठार उभारले. कोठार आल्यावर विजेचा बाजार इतर वस्तूंच्या बाजारासारखा होईल, अशी अपेक्षा काही अंशी खरी ठरत आहे. भावांतील दरी बुजू लागते आणि मक्तेदारी सैल होते. परंतु धान्याच्या आणि विजेच्या बाजारांत एक भेद राहतोच. धान्याच्या कोठाराकडे जाणारा रस्ता सार्वजनिक असतो आणि त्याचा खर्च गाडीतील पोत्यांवर आकारला जात नाही. विजेच्या तारांचा खर्च मात्र अजून युनिटांवर आकारला जातो. ज्याला तारांची गरज संध्याकाळच्या दोन तासांपुरतीच आहे त्यालाही त्या बारमाही उभ्या असाव्या लागतात. या सज्जतेचे मोल कोणाकडून व कोणत्या मापाने घ्यावयाचे, याचे समाधानकारक उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियातही अद्याप पूर्णपणे सापडलेले नाही. सपाट स्थिर आकार लावला तर तो अल्प वापराच्या गरीब घरावर सर्वांत जड पडतो. युनिटामागे लावला तर तो छप्पर नसलेल्यांवर सरकतो. या दोहोंमधील न्याय्य वाट शोधणे हे यंत्रशास्त्राचे काम नव्हे. ते दरशास्त्राचे, म्हणजे पर्यायाने अर्थशास्त्राचे काम आहे, आणि तारांवर विसंबून असलेल्या शेवटच्या घराचा विचार केल्यावाचून ते पुरे होणार नाही.